आशाताईंची अमानत

एखादी गोष्ट माहीत असणे आणि त्या माहितीला स्मरून वागणे यांत केवढे अंतर असते, हे शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. ‘खोटे बोलू नये’ या विषयावर परीक्षेत उत्तम निबंध लिहिणारा मुलगा दुसऱ्याच दिवशी गृहपाठाची वही घरी राहिल्याची थाप बिनदिक्कत मारतो. उर्दूत यासाठी दोन शब्द आहेत, इल्म आणि अमल. अमलाविना इल्म म्हणजे फळ न धरणारे झाड, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. या लेखात त्याच जुन्या प्रश्नाचा एक अवघड नमुना आम्हांला वाचकांपुढे ठेवायचा आहे. गावोगाव, घरोघर आरोग्याचे निरोप पोहोचवणाऱ्या बायकांना एच.आय.व्ही.विषयी काय माहीत असते? माहीत असूनही, ज्याला त्याची लागण झाली आहे त्याच्याकडे त्या कोणत्या नजरेने पाहतात? आणि त्यांच्या नजरेला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कितपत पोहोचतो?

आम्ही पौडला राहतो. पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण. पुण्याहून पश्चिमेला सुमारे ३५ किलोमीटरवर, ताम्हिणी घाटातून कोकणात उतरणाऱ्या रस्त्यावर ते वसले आहे. तहसील कचेरी, पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय, सगळे येथेच. इतिहासात हा तालुका सेनापती बापटांच्या मुळशी सत्याग्रहासाठी ओळखला जातो. आज त्याची ओळख दोन टोकांची आहे. पुण्याच्या बाजूला पिरंगुटचे कारखाने आणि हिंजवडीच्या संगणक कंपन्या, तर घाटाच्या बाजूला धरणाकाठच्या आणि डोंगरातल्या वाड्या. एकीकडे भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहणारे परप्रांतीय कामगार आणि ट्रकवाले, दुसरीकडे तालुक्याला यायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवणारे शेतमजूर. आमची मुसलमानांची घरे त्यांत थोडी आणि विखुरलेली. त्यामुळे एका घरात काय शिजते आहे, याचा वास दुसऱ्या घरी पोहोचायला वेळ लागत नाही.

या साऱ्या वाड्यावस्त्यांना दवाखान्याशी जोडणारा धागा म्हणजे आशाताई. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यातून ‘आशा’ ही कार्यकर्ती पुढे आली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. ती त्याच गावची रहिवासी असावी, विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता असावी, असा नियम. म्हणजे बहुतेक ठिकाणी ती गावची सून. अंगणवाडी सेविका तिच्याही आधीपासूनची, कारण बालविकास योजना १९७५ पासून चालू आहे. उपकेंद्रातली आरोग्य सेविका सरकारी नोकरीतली असते, आशाताई मात्र नोकरदार नव्हे. तिला कामागणिक मोबदला मिळतो. गरोदर बाईची नोंद, बाळंतपणासाठी दवाखान्यात सोबत, बाळाचे डोस, क्षयाच्या रोग्याच्या गोळ्या, घरोघरचे सर्वेक्षण, अशी तिच्या कामांची यादी दर वर्षी लांबतच जाते. याच यादीत कुठेतरी एच.आय.व्ही.ही आहे. गरोदर बाईला तपासणीला न्यायचे, आणि लोकांना या आजाराविषयी समजावून सांगायचे.

समजावून सांगण्यासारखे आता पुष्कळ आहे. १९८१ साली अमेरिकेत या आजाराचे पहिले रुग्ण नोंदले गेले. आपल्या देशात १९८६ साली मद्रासमध्ये त्याचा पहिला पुरावा मिळाला. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, स्थापन झाली. त्याच वर्षी आपल्या पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह निवडक राज्यांत सरकारी रुग्णालयांतून ए.आर.टी.ची औषधे मोफत मिळू लागली. २०१७ पासून तर तपासणीत एच.आय.व्ही. आढळला की लगेच औषध सुरू करायचे, असे धोरण झाले. देशात आज अंदाजे २५ लाख माणसे हा विषाणू घेऊन जगत आहेत आणि त्यांतली सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात आहेत.

विज्ञानाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांचा एक अभ्यास झाला. प्रत्येक जोडप्यात एकाला लागण होती, दुसऱ्याला नव्हती. पुण्याची संशोधन संस्थाही त्यात सामील होती. २०११ साली निष्कर्ष आला की औषध लवकर सुरू केले, तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते. पुढच्या अभ्यासांनी तर असे दाखवले की औषधाने रक्तातला विषाणू मोजताही येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. आईकडून बाळाला होणारी लागण उपचारांविना शंभरात १५ ते ४५ बाळांपर्यंत असते. उपचार वेळेवर मिळाले तर ती पाचाच्याही खाली आणता येते. एके काळी मृत्यूचे फर्मान वाटणारा हा आजार आता रोज गोळी घेऊन सांभाळायचा आजार झाला आहे.

पण ही माहिती झिरपते किती? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांपैकी अवघ्या २१.६ टक्के आणि पुरुषांपैकी ३०.७ टक्के जणांना या आजाराचे पुरेसे ज्ञान असल्याचे आढळले. म्हणजे पाच बायकांत जेमतेम एक. आशाताई याच बायकांमधून येतात. त्यामुळे प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी त्यांच्यापैकी कोणाच्या मनात डास, ताट-वाटी, संडास आणि एड्स यांची गल्लत असली, तर नवल नाही.

जंतनाशक गोळ्यांच्या निमित्ताने, लसीकरणाच्या निमित्ताने आशाताई शाळेत येतात, रस्त्यात भेटतात. त्यांच्याशी आमचे अनेकदा बोलणे झाले. खरे सांगायचे तर ज्यांच्याशी आम्ही बोललो त्यांची माहिती आमच्या अपेक्षेहून चांगली होती. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि आईकडून बाळाला, ही यादी त्या पाढ्यासारखी म्हणून दाखवतात. हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने, डास चावल्याने होत नाही, हेही त्यांना ठाऊक असते. पण बोलणे जरा मोकळे झाले, एखाद्या लागण झालेल्या माणसाचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास येतो. आवाज खाली जातो आणि त्या म्हणतात, “पण त्याला झाला कसा म्हणायचा?”

वाचकहो, हा प्रश्न साधा नाही. औषधाच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थ नाही, कारण विषाणू कुठूनही येवो, गोळी तीच असते. समुपदेशकाच्या बंद खोलीत हा प्रश्न विचारला जातो तेव्हा त्याला कारण असते. आणखी कोणाची तपासणी व्हायला हवी, हे त्यातून ठरते. पण उंबऱ्यावर विचारलेल्या ‘कसा झाला?’ला असे काही कारण नसते. त्या प्रश्नाला उत्तर नको असते, निवाडा हवा असतो. हा माणूस दयेला पात्र की शिक्षेला, हे ठरवायचे असते. रक्त चढवताना झाला असेल तर बिचारा. नवऱ्यापासून झाला असेल तर बिचारी. लहान बाळ असेल तर निष्पाप जीव. आणि तो ट्रकवाला असेल किंवा ती देहविक्रय करणारी बाई असेल, तर ‘केले तसे भोगले’. एकाच विषाणूचे आपण असे चार दर्जे करतो.

‘निष्पाप’ हा शब्द दिसतो तेवढा निष्पाप नाही. अमेरिकेत रायन व्हाइट नावाच्या शाळकरी मुलाला रक्ताच्या आजारावरील उपचारांतून हा विषाणू लागला. १९८५ साली त्याला शाळेत येण्यास मनाई झाली. पुढे सारा देश त्याच्या बाजूने हळहळला आणि १९९० साली त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या नावाने कायदाही झाला. त्या हळहळीत पदोपदी ‘निष्पाप बळी’ हा शब्द होता. एकाला निष्पाप म्हटले की बाकीचे आपोआप पापी ठरतात, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. १९८७ साली जागतिक आरोग्य संघटनेचे जोनाथन मान यांनी या आजाराच्या तीन साथी सांगितल्या होत्या. पहिली विषाणूची, ती न दिसता पसरते. दुसरी एड्सची, ती काही वर्षांनी दिसते. तिसरी साथ समाजाच्या वागण्याची, म्हणजे तिरस्काराची आणि वाळीत टाकण्याची. पहिल्या दोन साथींवर आज औषध आहे. तिसरीवर गोळी निघालेली नाही.

येथे आमचे काही दीनदार मित्र हरकत घेतील. ते म्हणतील, मग चारित्र्याला काही किंमतच नाही का? वाईट चालीचा परिणाम वाईट, हे मुलांना सांगायचे नाही का? हरकत रास्त आहे आणि ती टाळण्याचा आमचा विचार नाही. संयम, निष्ठा, नशेपासून दूर राहणे या गोष्टी शिकवल्याच पाहिजेत. त्यांनी रोगही टळतो आणि घरेही टिकतात. पण नसीहतीची एक वेळ असते. विहिरीच्या काठावर खेळणाऱ्या मुलाला आपण रागावतो. तेच मूल पाण्यात पडले की आधी दोर टाकतो, काठावर का गेलास म्हणून झडती घेत बसत नाही. मधुमेह्याने तारुण्यात किती मिठाई खाल्ली याचा हिशोब मागून कोणी त्याला इन्सुलिन देत नाही. ‘कसा झाला?’ हा प्रश्न आजाराच्या आधी विचारला तर तो शिक्षण असतो, आजाराच्या नंतर विचारला तर ती केवळ शिक्षा असते.

शिवाय ही शिक्षा बरोबर माणसाच्या अंगावर पडते असेही नाही. आपल्या देशातल्या असंख्य बायकांना हा विषाणू लग्नाच्या नवऱ्याकडून मिळाला. नवरा गेला की त्याच बाईला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून माहेरी धाडायचे, घरजमिनीतला वाटा बुडवायचा, हे आपल्या समाजात घडत आले आहे. चारित्र्याचा न्याय करायला निघालेला समाज शेवटी ज्याची बाजू दुबळी त्यालाच दोषी ठरवतो. आशाताई स्वतः बाई आहे, सून आहे. हे तिला आपल्याहून जास्त कळायला हवे, आणि बहुतेकींना ते कळतेही. एका आशाताईंचे बोलणे आमच्या लक्षात राहिले आहे. “पुस्तकातलं समदं पाठ हाय. पण त्या घरी च्या पुढं आला की हात मागं येतो. विषाणूला न्हाई भ्यात. लोक काय म्हणतील त्याला भितो.” इतका प्रामाणिक कबुलीजबाब आम्ही शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडूनही क्वचित ऐकला आहे. भीती विषाणूची असती तर माहितीने गेली असती. ही भीती बदनामीच्या शेजाराची आहे, म्हणून ती माहितीने जात नाही.

तर मग ती जाते कशाने? आमच्या समजुतीप्रमाणे तिच्यावर उतारा एकाच विचाराचा आहे आणि तो आपल्या परंपरेतच पडून आहे. तो विचार अमानतीचा.

हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांना मक्केचे लोक नबुवतीच्या आधीपासून ‘अल-अमीन’ म्हणत, म्हणजे ज्याच्याकडे काहीही निर्धास्तपणे ठेवावे असा माणूस. पुढे त्याच मक्केतले लोक त्यांच्या जिवावर उठले. तरी त्यांतल्या अनेकांच्या ठेवी पैगंबरांच्याच घरी होत्या. ६२२ साली मदिनेकडे हिजरत करताना, जीव वाचवून निघण्याच्या त्या रात्रीही, त्यांनी हजरत अली (र.) यांना मागे ठेवले. कशासाठी? ज्याची त्याची ठेव ज्याला त्याला परत करण्यासाठी. हा प्रसंग आपण मिलादच्या वाज़मध्ये अनेकदा ऐकतो, पण त्याचा अर्थ पुरता ध्यानात घेत नाही. अमानत ठेवणाऱ्याची चाल कशी आहे, तो मित्र आहे की शत्रू, याच्याशी अमानत सांभाळण्याचा काही संबंध नाही. अमानत ठेवणाऱ्याच्या लायकीवर ठरत नाही, ती सांभाळणाऱ्याच्या ईमानावर ठरते.

माणसाच्या आजाराचे गुपित हीसुद्धा अशीच ठेव आहे. ती पैशापेक्षा जोखमीची आहे, कारण पैसा गेला तर परत मिळवता येतो, फुटलेले गुपित परत मिळत नाही. गोव्याच्या डॉमिनिक डिसोझाचे उदाहरण घ्या. हा तरुण रक्तदान करीत असे. १९८९ साली त्याच्या रक्तात विषाणू सापडला आणि पोलिसांनी त्याला घरून नेले. म्हापशाला क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात ६४ दिवस त्याला एकांतात डांबण्यात आले. गोव्याच्या तेव्हाच्या कायद्यात तशी तरतूद होती. गावाला सांगायला वेगळी दवंडी लागली नाही. तो न्यायालयात गेला, इतरांसाठी लढला आणि १९९२ साली वारला.

तेव्हापासून कायदा खूप पुढे आला आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला केवळ एच.आय.व्ही. आहे म्हणून काम नाकारता येणार नाही. २०१७ साली संसदेने एच.आय.व्ही. आणि एड्सविषयी स्वतंत्र कायदा केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. संमतीविना तपासणी नाही, संमतीविना कोणाची स्थिती उघड करणे नाही, शाळा, नोकरी, दवाखाना, भाड्याचे घर यांत भेदभाव नाही. म्हणजे अमानत आता केवळ ईमानाची बाब राहिली नाही, ती कायद्याचीही झाली.

पण खेड्यात गुपित केवळ जिभेने फुटत नाही. आशाताई एकाच घरी आठवड्यात तीनदा गेल्या, की समोरच्या ओट्यावरची म्हातारी हिशोब मांडते. गरोदर बाईला एकदा तपासणीला नेले तर ठीक, पुन्हा नेले की सासू विचारते, “रिपोर्टात काय निघालं?” आणि आशाताई नुसत्या गप्प बसल्या तरी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला जातो. पौडचा माणूस पौडला तपासून घेण्याऐवजी एस.टी. धरून पुण्याला जातो, कारण शहरात त्याला ओळखणारे कोणी नसते. ही त्याची तऱ्हेवाईक वागणूक नव्हे. आपण सगळ्यांनी मिळून त्याला तितके लांब पिटाळलेले असते.

सर्वांत कठीण प्रसंग आणखी वेगळाच असतो. समजा, आशाताईंना कळले की अमुक माणसाला लागण आहे आणि त्याने बायकोला सांगितलेले नाही. बायको तर रोजची मैत्रीण, हळदीकुंकवाला, बचत गटाला बरोबर बसणारी. आता काय करावे? गुपित राखले तर मैत्रिणीच्या जिवाशी खेळ, सांगितले तर विश्वासघात. या पेचात मोठमोठी न्यायालयेही अडखळली आहेत. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशा एका माणसाचे प्रकरण आले, ज्याची लागण रुग्णालयाकडून उघड झाली आणि ठरलेले लग्न मोडले. न्यायालयाने रुग्णालयाला दोषी धरले नाही, कारण नियोजित वधूलाही आपला जीव वाचवण्याचा हक्क होता. त्याच निकालात अशा माणसाच्या लग्नाच्या हक्कालाच स्थगिती असल्यासारखे विधान झाले होते. २००२ साली न्यायालयानेच ते अनावश्यक ठरवून मागे घेतले.

२०१७ च्या कायद्याने यातून एक शहाणी वाट काढली. जोडीदाराला सांगण्याची मुभा फक्त डॉक्टरला किंवा समुपदेशकाला आहे. तीही धोका खरा असेल, त्या माणसाला स्वतःहून सांगण्याविषयी समजावून झाले असेल, तरी तो सांगणार नाही याची खात्री पटली असेल आणि आपण सांगणार असल्याची पूर्वकल्पना त्याला दिली असेल, तरच. ज्याला लागण आहे त्याच्यावरही, दुसऱ्याला ती होऊ नये म्हणून काळजी घेण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. आशाताईंच्या जागी ठेवून पाहिले तर याचा अर्थ असा. त्या गुपितावर झोपून राहायचे नाही आणि ते ओट्यावरही न्यायचे नाही. समुपदेशकाला गाठायचे, आणि त्या माणसाला म्हणायचे, “भाऊ, वहिनींना घेऊन तपासणीला चला, मी बरोबर येते.” गुपिताला बाहेर पडायची वाट आहे, पण ती आशाताईंच्या तोंडातून जात नाही. गीबत आणि इस्लाह यांतला फरक नेमका हाच आहे. बोलणे तेच असते, पण ते कोणाजवळ आणि कशासाठी केले यावर त्याचे पाप-पुण्य ठरते.

एवढी अपेक्षा आशाताईंकडून करताना एक गोष्ट विसरता कामा नये. आपण तिला फरिश्ता समजतो आणि मजुरी मात्र बिगारीची देतो. महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी २०२१ साली संपावर जावे लागले. पुढच्याच वर्षी, २०२२ च्या मे महिन्यात, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक सन्मान दिला. सन्मानाचे वर्तमानपत्री फोटो पाहून आम्हांला आनंद झाला, पण सन्मानाने हातमोजे विकत घेता येत नाहीत. बाळंतिणीबरोबर रात्री दवाखान्यात जाणाऱ्या बाईच्या मनात रक्ताची भीती असेल तर तिला अडाणी म्हणून हसू नये. तिला नेमके सांगावे. दूषित सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता हजारांत तीन इतकीच असते आणि ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांतच, औषध सुरू करून ते २८ दिवस घेतले तर तीही टाळता येते. ज्याला स्वतःच्या सुरक्षिततेची खात्री आहे तोच दुसऱ्याच्या घरचा चहा निर्धास्तपणे पितो.

आणि आपण? आशाताईंच्या नजरेची तपासणी करताना आपल्या नजरेची कोणी करायची? आम्हां शिक्षकांचेच पाहा. २००७ साली महाराष्ट्रात किशोरवयीन मुलांसाठीच्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी आली तेव्हा पुष्कळ शिक्षक खोलीतून सुटकेचा निःश्वास ऐकू आला. नको तो विषय टळला! लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांचे ‘सेवालय’ आहे. तेथे एच.आय.व्ही. असलेली मुले राहतात. २००९ साली त्या मुलांना गावच्या शाळेत घातले तेव्हा इतर पालकांनी आपली मुले शाळेत पाठवणे बंद केले. त्या पालकांना घाबरवणारी माहिती नव्हती, माहितीचा अभाव होता, आणि तो भरून काढणे हे कोणाचे काम होते? आमच्या तालुक्यातच भूगावला ‘मानव्य’चे बालगृह आहे. पुण्याच्या देहविक्रयाच्या वस्तीत काम केलेल्या विजयाताई लवाटे यांनी १९९७ साली ही संस्था सुरू केली. पौड रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या आमच्यासारख्यांपैकी किती जणांनी तेथे थांबून त्या मुलांशी चार शब्द बोलले असतील?

आमच्या बिरादरीविषयीही बोलले पाहिजे. मय्यतीला गुस्ल देण्याची वेळ आली आणि मरणाऱ्याला ‘तो आजार’ होता अशी कुजबुज असली, की पुढे होणारे हात कमी होतात. गुस्ल हा मेलेल्याचा जिवंतांवरचा हक्क आहे. हातमोजे घालावेत, आपल्या हातावर जखम असेल ती झाकावी, नंतर हात साबणाने धुवावेत, एवढे केले की पुरे. रिश्ता जुळवताना दोन्ही बाजूंनी राजीखुशीने तपासणी करून घेतली तर त्यात शहाणपण आहे. पण फक्त मुलीकडे कागद मागायचा आणि मुलाकडे मागायला लाजायचे, यात शहाणपण नाही. आणि जुम्याच्या बयानात मधुमेह, रक्तदाब, व्यसन यांवर बोलले जाते, तसे या आजारावरही साध्या शब्दांत, कोणाला जहन्नमची भीती न घालता बोलले जायला हरकत नसावी. ऐकणाऱ्यांच्या सफीत ज्याला लागण आहे असा एखादा माणूस बसलेला असू शकतो. घरी जाताना तो खचून जाणार की १०९७ या मोफत दूरध्वनी क्रमांकावर चौकशी करण्याचे बळ घेऊन जाणार, हे त्या बयानावर ठरेल.

या सगळ्यांत आपल्या प्रत्येकाला आजपासून करता येईल असे एक काम आहे. त्याला प्रशिक्षण लागत नाही की पैसा लागत नाही. आशाताई घरी आल्या की आपण त्यांना पाणी विचारतो, बसा म्हणतो, आणि मग सहज विचारतो, “पलीकडच्या घरी सारख्या जाता, काय झालंय हो त्यांना?” आपल्याला वाटते, ही नुसती चौकशी. प्रत्यक्षात आपण तिच्याकडे ठेवलेली दुसऱ्याची ठेव मागत असतो. ती गरीब आहे, गावात राहायची आहे, आपल्याशी वाईट होणे तिला परवडणारे नाही. नाही म्हणायला तिला किती जड जात असेल! तिने ठेव सांभाळावी असे आपल्याला मनापासून वाटत असेल, तर ती मागण्यासाठी निदान आपला हात पुढे होऊ नये.